हौदात गप्पी मासे सोडावेत का? डासांना खाणारे जीव घरी पाळून कुणाला फरक पडलाय?

गोदाकाठ
राम राम मंडळी. घर गंगाखेडला. नळाला पाणी आठ दिवसांनी, कधी दहाव्या दिवशी. त्यामुळे अंगणात सिमेंटचा हौद, न्हाणीपाशी ड्रम आणि गोठ्यात जनावरांना पाणी पाजायचं टाकं. म्हणजे डासांसाठी लॉजच काढलंय म्हणा ना. कॉइल लावली की वडिलांचा दमा उसळतो. लिक्विडच्या मशीनचा आता डासांवर काही परिणाम दिसत नाही. औषधं न मारता काही होतं का ते बघायचंय. गप्पी, चतुर, बेडूक, पाली, वटवाघळं, सगळ्यांची नावं ऐकलीत. खरोखर करून बघितलेल्यांनी सांगा. आईचं म्हणणं, वापरायच्या पाण्यात मासा घालायचा नाही.

नळाला_पाणी_नाही
आठ दिवसांनी येतं? श्रीमंत आहात.

पाणीदार
लातूरहून. २०१६ ला मिरजेहून जलदूत रेल्वेनं पाणी आलं, ते जगानं बघितलं. त्यानंतर घरोघरी ड्रम किती वाढले ते कुणी बघितलं नाही. आमच्या गल्लीत ओट्यावर, जिन्याखाली, गच्चीवर निळे ड्रमच ड्रम. दुष्काळ गेला, ड्रम राहिले. गप्पी आम्ही सोडले होते. हौदात जगले, ड्रममध्ये नाही. एप्रिल-मेमध्ये उन्हात ठेवलेल्या ड्रमचं पाणी हाताला चटका देतं, तिथं मासा काय टिकणार.

ज्वारीची_भाकर
अंबाजोगाईत आमच्या हौदात आहेत. अळी नावाला दिसत नाही. संध्याकाळी हौदावर वाकलं की सगळे तोंड वर करून पृष्ठभागाला येतात, पोरं तिथून हलत नाहीत. पण डास कमी झाले का? हौदातले झाले. शेजारच्या बंद घराच्या गच्चीवर फुटकी बादली आणि टायर पडलेत, तिथले कोण खाणार?

आता_पुण्यात
मूळचा केजचा. गप्पी वगैरे सोडा, वटवाघळांसाठी लाकडी पेट्या लावा. एक वटवाघूळ तासाला हजार डास खातं असं सगळीकडे वाचलंय.

पाणवठा
@आता_पुण्यात, तो आकडा कुठून निघाला ते बघा. १९६० च्या सुमारास अमेरिकेत एका बंद खोलीत डास सोडून वटवाघळं किती पकडतात ते मोजलं होतं. मिनिटाला दहाएक पकडत. त्याचा तासाचा हिशेब झाला, मग तो फुगत हजारावर गेला. त्या खोलीत डासांशिवाय खायला दुसरं काही नव्हतंच. मोकळ्यावर वटवाघूळ पतंग आणि भुंगे आधी धरतं, त्यात पोट लवकर भरतं. शिवाय डेंग्यूचा डास दिवसाचा आणि वटवाघूळ रात्रीचं, त्यांची गाठ पडणार कधी? वटवाघळं हवीतच, शेतातले किडे खातात. पण त्यांच्या भरवशावर मच्छरदाणी सोडू नका.

नळाला_पाणी_नाही
दौलताबाद किल्ल्याच्या अंधारीत, त्या काळोख्या भुयारात जाऊन या. वटवाघळं एवढी की छत दिसत नाही, आणि गाइडचं एका हातानं डास मारणं चालूच.

हिवताप_निवृत्त
आरोग्य खात्यात हिवतापाच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी आपल्याला चावतोय कोण ते ओळखा. दिवसाउजेडी, जास्त करून सकाळी आणि दिवेलागणीच्या आधी घोट्याला-पोटरीला चावतो, काळ्या पायांवर पांढरे पट्टे असतात, तो एडिस. डेंग्यू-चिकनगुनिया त्याचं. त्याला साठवलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं: ड्रम, रांजण, कूलर, फ्रीजमागचा ट्रे. रात्री कानाशी गुणगुणणारा बहुतेक क्युलेक्स, तो नालीतला. मलेरियाचा ॲनोफिलीस वेगळा. बॅटरी घेऊन हौदात बघा. अळी डोकं खाली करून तिरकी लोंबकळत असेल तर पहिल्या दोघांपैकी, पृष्ठभागाला समांतर आडवी पडलेली असेल तर ॲनोफिलीस.

आता खरी गोम. एडिस अंडी पाण्यात घालत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटवते. काळे, राईपेक्षाही बारीक ठिपके. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात. तुमचा हौद उपसत उपसत खाली जातो, आठव्या दिवशी नळ येतो, पाणी वर चढतं, भिंतीवरची अंडी भिजतात आणि फुटतात. अंड्यापासून उडता डास व्हायला उन्हाळ्या-पावसाळ्यात आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे आपलं नळाचं वेळापत्रक आणि त्याचं वेळापत्रक एकच आहे! मासा अळ्या खाईल, भिंतीवरची अंडी खाणार नाही. त्यामुळे हौद तळाला गेला की काथ्यानं भिंती खसाखसा घासायच्या. नुसतं पाणी ओतून दिलं तर अंडी तिथंच बसून राहतात.

पाणीदार
काका, ही गोष्ट आमच्याकडं आशाताई येऊन सांगतात, "आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा." भांडं रिकामं करून वाळवा म्हणतात. पाणी दहाव्या दिवशी, कोरडा दिवस सातव्या. मधले तीन दिवस प्यायचं काय? त्यांच्याकडं उत्तर नसतं आणि त्यांचा दोषही नाही.

हिवताप_निवृत्त
बरोबर. म्हणून तर मासा. जे भांडं रिकामं करता येत नाही, झाकता येत नाही, ते माशाचं. जे झाकता येतं ते झाकायचं. ड्रमच्या तोंडाला जुनं धोतर किंवा साडीचा पदर घट्ट बांधा. झाकण नुसतं टेकवून ठेवलं की फटीतून डास आत जातो.

माळकरी_माणूस
गळ्यात माळ आहे, पंढरीची वारी चालू आहे. हौदात मासे पाळायचे म्हणजे आमच्या घरात वादच पेटला. शेवटी वडील म्हणाले, "मासा खायचा नाही असं आहे, मासा बघायचा नाही असं कुठं आहे?" तेव्हापासून हौदात गप्पी आहेत. फक्त देवाच्या पाण्याची घागर वेगळी भरतो.

नळाला_पाणी_नाही
माऊली, पण तुमच्या हौदातला मासा अळ्या खातो. तो मांसाहारीच की! एकादशीला काय करता त्याचं?

माळकरी_माणूस
एकादशीला तो दुप्पट खात असेल, आपल्यासारखाच. साबुदाणा बघा किती जातो.

पाणवठा
चतुराबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. संभाजीनगरला सलीम अली सरोवराच्या कडेनं फिरणारा माणूस आहे मी, त्यामुळे जरा पक्षपाती आहे.

चतुराची पिल्लं पाण्यात वाढतात. मातकट, बोजड, तळाशी दगडासारखी पडून असतात. त्यांचा खालचा ओठ हनुवटीखाली घडी घालून ठेवलेला असतो. अळी टप्प्यात आली की तो ओठ झटकन पुढं येतो आणि टोकाच्या आकड्यांनी अळी आत ओढतो. डोळ्याला दिसतच नाही, फक्त अळी गायब होते. काचेच्या बरणीत गाळाचं पाणी आणि एक पिल्लू ठेवून मुलांना दाखवा, टीव्ही बंद करतील.

याचा प्रयोगही झालेला आहे. म्यानमारमध्ये यांगूनला लोकांच्या घरातल्या पाण्याच्या भांड्यांत लाल चतुराची पिल्लं सोडली होती आणि एडिस चांगलाच खाली आला. तो लाल चतुर आपल्याकडंही सर्रास दिसतो. पण तिथं पिल्लं वाढवून पुन्हा पुन्हा सोडणारी माणसं होती. आपल्या हौदात चतुर आपण होऊन अंडी घालेल आणि पिल्लं वाढतील म्हणाल तर पाणी महिना-दीड महिना तरी हलायला नको. पावसाळ्यात ढगांबरोबर येणारा पिवळसर चतुर लवकर मोठा होतो, त्यालाही एवढं लागतंच. मोठा चतुर दिवसा उडतो, उडते डास धरतो, पण नालीतला क्युलेक्स बाहेर पडतो तेव्हा चतुर झोपलेला असतो.

ज्वारीची_भाकर
म्हणजे पाणी झाकलं तर चतुर नाही, उघडं ठेवलं तर डास. छान.

बारववेडा
विषय थोडा बाजूला नेतो. जालना-परभणी भागात बारवा बघत फिरतो. साफ केलेल्या बारवेत लोक हौसेनं गप्पी आणि गंबुशिया सोडतात. गप्पीचं एक वेळ ठीक, गंबुशिया नका सोडू. हा मूळचा अमेरिकेतला मासा, १९२८ मध्ये इटलीमार्गे आपल्याकडे डासांसाठीच आणला. जगातल्या सर्वात उपद्रवी शंभर परक्या जिवांच्या यादीत त्याचं नाव आहे. अळ्या खातो खरं, पण दुसऱ्या माशांची अंडी, बेडकाची पिल्लं, चतुराची पिल्लं काहीच सोडत नाही. म्हणजे डास खाणारे जे जीव तिथं आधीच होते त्यांनाच तो संपवतो.

आपल्या ओढ्या-विहिरींत अळ्या खाणारे देशी छोटे मासे आहेत. डोक्यावर चमकणारा पांढरा ठिपका असलेला एक तर पाण्याच्या अगदी वरच्या थरातच फिरतो. मासे धरणाऱ्या भोई मंडळींना तो बरोबर ठाऊक असतो, विचारून बघा.

काळी_माती
शेततळ्यात कटला-रोहू सोडलेत आम्ही. डास कमी नाहीत झाले. कडेला गवत वाढलंय त्यात अळ्या लपतात, मोठा मासा तिथं शिरत नाही.

हिवताप_निवृत्त
कडेचं गवत काढा आधी. माशाला वाट मिळाली पाहिजे.

बारवेवरून आठवलं. व्हिएतनाममध्ये पाण्यातल्या सायक्लॉप्स जातीच्या बारीक किड्यांनी एडिसच्या अळ्या संपवल्या. गावंच्या गावं डेंग्यूमुक्त झाली. इथंही सोडायला पाहिजेत असं कुणी ना कुणी म्हणतंच, म्हणून आधीच सांगतो. आपल्या वयाच्या माणसांना नारू आठवत असेल. पायातून दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा, काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. तो नारू पाण्यातल्या सायक्लॉप्समधूनच पोटात जायचा. पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाय बुडवून पाणी भरायचे, नारू झालेल्याच्या पायातून अळ्या पाण्यात, तिथून सायक्लॉप्समध्ये, तिथून दुसऱ्याच्या घागरीत. आपण घरोघर पाणी गाळायला फडकी वाटली, बारवांचा वापर बंद केला, हातपंप घेतले. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. आज नारूच नाही म्हटल्यावर सायक्लॉप्सची भीती नाही, हे कागदावर खरं. पण ज्यानं तो जंत काडीला गुंडाळलाय तो माणूस आपल्या हातानं हौदात सायक्लॉप्स सोडणार नाही.

बारववेडा
काका, हे माहीत नव्हतं. म्हणजे आमच्या कित्येक बारवा कचऱ्यानं बुजल्या त्याची सुरुवात नारूच्या मोहिमेत आहे?

हिवताप_निवृत्त
सगळ्या नाही. काही आळसानं बुजल्या. पण वापर तुटला की कचरा पडायला वेळ लागत नाही.

आता_पुण्यात
बरं वटवाघूळ राहू द्या. पाली? आमच्या आजीच्या घरी ट्यूबलाइटमागं चार-पाच पाली असायच्या, तिला हाकलू द्यायची नाही.

ज्वारीची_भाकर
आजी शहाणी. पण पाल दिव्यापाशी येणाऱ्यांना खाते. एडिस दिव्याकडं फारसा येत नाहीच, तो खुंटीला टांगलेल्या शर्टामागं, पलंगाखाली अंधारात बसतो. त्याला धरणारा म्हणजे दिवसा भिंतीवर टुणटुण उड्या मारणारा तो छोटा कोळी. जाळं विणत नाही, झेप घेतो. आमच्याकडं झाडू मारताना तो कोळी सोडून द्यायचा असा नियम केलाय. नवऱ्यानं हसून घेतलं, घेऊ दे.

हदगावकर
तुम्ही सगळे हौदात अडकलात. नांदेडकडं बघा. आमच्या शेजारच्या हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं गावच्या नाल्याच बंद केल्या. प्रत्येक घराच्या न्हाणीचं पाणी शोषखड्ड्यात. चार फुटी चौकोनी खड्डा, मधे भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे. उघडं सांडपाणीच नाही म्हटल्यावर क्युलेक्स घालणार कुठं अंडी? डासमुक्त गाव म्हणून नाव झालं, मग त्याचा नांदेड पॅटर्न म्हणून गाजावाजा. एकही मासा लागला नाही.

काळी_माती
मुरमाच्या रानात चालतं हो. आमच्या परभणीच्या काळ्या मातीत शोषखड्डा काढून दाखवा. पाणी लागलं की माती फुगून बसती, खड्डा म्हणजे डबकं. आमच्या गावात काढलेल्यांपैकी निम्मे भरलेत आन् त्यातच डास व्हायलेत.

हदगावकर
खोल घ्या, मुरूम लागेपर्यंत. आणि साबणाचा-खरकट्याचा गाळ आधीच्या छोट्या चेंबरमध्ये अडवा. बहुतेक खड्डे गाळानं बुजतात, मातीनं नाही.

काळी_माती
आमच्याकडं मुरूम लागायला पाताळात जावं लागतं भाऊ. पण चेंबरचं पटलं. ते कुणी केलंच नव्हतं.

नळाला_पाणी_नाही
मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात रॉससाहेबाला २० ऑगस्ट १८९७ ला दिसला तो सिकंदराबादला, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच निजामाच्या राज्यात. निजामापासून आपण १७ सप्टेंबर १९४८ ला सुटलो. डासापासूनचा मुक्तिसंग्राम चालूच आहे, ताम्रपट कुणाला द्यायचा ते ठरवा.

पाणीदार
😄 ताम्रपट माशाला.

धूरवाल्या गाडीबद्दल काकांचं मत ऐकायचंय. आमच्या वॉर्डात गाडी येते तेव्हा सगळे खिडक्या लावून घेतात.

हिवताप_निवृत्त
साथ उठली की उडणारे डास तेवढ्यापुरते पाडायला धूर. अळीला त्याचं काही होत नाही. खिडक्या लावल्या की घरातल्या शर्टामागच्या एडिसलाही काही होत नाही. उलट बाहेरचे चतुर आणि कोळी मरतात.

गोदाकाठ
मंडळी, भलताच धागा झाला. सगळं वाचलं. आईला नारूचं वाचून दाखवलं, तिला तिच्या मामाचा पाय आठवला. तिच्यापुढं असं मांडलंय: न्हाणीपाशीचे ड्रम फडकं बांधून झाकायचे, दर आठवड्याला निदान एक रिकामा करून घासायचा. अंगणातला हौद आणि गोठ्यातलं टाकं गप्पींना. प्यायचं पाणी आधीच घरात हंड्यात भरतो, त्यात मासा नाही. आई तयार आहे, फक्त टाक्याचं पाणी म्हशी पितील का, असं विचारते.

आता सांगा, मासे आणायचे कुठून आणि किती?

ज्वारीची_भाकर
म्हशी पितात. फुंकर मारून मासा बाजूला करतात.

हिवताप_निवृत्त
जिल्हा हिवताप कार्यालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा, बहुतेक ठिकाणी पैदास टाकी असते आणि फुकट देतात. दुकानातले लांब रंगीत शेपटीचे घेऊ नका, साधे करडे घ्या. घरच्या हौदाला आठ-दहा पुष्कळ, त्यात माद्या जास्त. मादी मोठी आणि बिनरंगाची. ती अंडी घालत नाही, पिल्लंच देते, त्यामुळे संख्या आपोआप वाढते. पिल्लांना लपायला पाणवनस्पतीची एखादी जुडी टाका, नाहीतर त्यांचीच आई खाते.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. नळाला पाणी येण्याच्या दिवशी मासे आधी बादलीत काढा. पाण्यात ब्लीचिंग पावडर जास्त असली तर अख्खा हौद उताणा तरंगतो. पाणी दिवसभर उघडं राहू द्या, मग परत सोडा. आणि हौदाच्या तोटीला आतून जाळी बसवा, नाहीतर मासे बादलीतून थेट न्हाणीत. मासे कुठल्याही परिस्थितीत ओढ्यात-नदीत सोडू नका, बारववेड्यांनी सांगितलं ते गप्पीलाही लागू आहे. आणि त्यांना पोळीचा चुरा घालू नका! पोट भरलेला मासा अळीकडं बघत नाही.

माळकरी_माणूस
हे शेवटचं आमच्या आईला कोण सांगणार? ती रोज भाकरीचा चुरा टाकते.

पाणीदार
कूलरचं काय? त्यातही मासा सोडणारे महाभाग बघितलेत.

हिवताप_निवृत्त
नको, पंपात जातो. कूलर आठवड्याला रिकामा करून घासायचा. उन्हाळा संपला की वाळ्याचे पडदे काढून वाळवून ठेवा, अंडी त्यांनाही चिकटतात.

पाणवठा
@गोदाकाठ, आणखी एक. गोदावरी जवळ आहे म्हणजे खंड्या येणारच. निळ्या पाठीचा, हौदाच्या कठड्यावर बसतो आणि एकेक गप्पी उचलतो. हौदावर अर्धवट जाळी टाका.

गोदाकाठ
खंड्या तर रोज तारेवर असतोच! म्हणजे आता डासासाठी मासा, माशासाठी जाळी.

नळाला_पाणी_नाही
जाळीवर मांजर झोपेल. पुढचा धागा तिच्यावर काढा.

पाणवठा
खंड्याचा फोटो आधी टाका पण.